वळू छाप जाकीट

लातूर
९ जुलै २००५

आदरणीय अण्णा,

तुम्हांला तुमचा शरणार्थ आणि माझा जयभीम.

तुमचा कारभार बघणाऱ्या आलोकदादांनी बजावून सांगितलंय की दर तीन महिन्यांनी कंपनीला एक पत्र द्यायचं, त्यात प्रगती लिहायची आणि शेवटी आभार मानायचे. त्यांनी नमुनाही दिला. त्याची सुरुवात 'आपल्या प्रतिष्ठित उद्योगसमूहाने' अशी आहे. मी ती दोनदा लिहिली आणि दोनदा कागद फाडला. उद्योगसमूह म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कुणीच येत नाही. तुम्ही येता, मोंढ्याच्या धान्यबाजारात गादीवर बसून तळहातावर मूठभर तूर घोळवणारे. म्हणून कंपनीला न लिहिता तुम्हांला लिहिते. दादांना फाईलला लावायचं असेल तर खुशाल लावू द्या.

त्या दिवशी तुमच्या डाळमिलच्या ऑफिसात दादांनी मला 'स्वतःबद्दल दोन शब्द' सांगायला लावले आणि मी नुसती घाम पुसत बसले. तेव्हा जे राहिलं ते आता लिहिते, म्हणजे तुम्ही कुणाला पोसताय ते तुम्हांला कळेल.

भूकंपात माझे बाबा गेले. मी तेव्हा पाच वर्षांची. आईनं मला ढिगाऱ्यातून काढलं असं लोक सांगतात. आई त्यावर बोलत नाही. मग पत्र्याच्या शेडमध्ये आमचा मुक्काम. तिथं मदतीची डाळ यायची ती तुमच्या पोत्यांतून, वळू छाप. रिकामं पोतं आईनं आमच्या दाराला पडदा म्हणून लावलं होतं. म्हणजे शाळेत अक्षरं ओळखायच्या आधी मी तो देवणीचा वळू ओळखत होते. ऑफिसात भिंतीवर तोच वळू दिसला आणि मी हसले. दादांना वाटलं, पोरगी आगाऊ आहे.

पुढं आम्ही लातूरला आलो. क्लासला येणाऱ्या पोरांसाठी आईनं खानावळ घातली. डॉक्टर व्हायला आलेली अख्ख्या मराठवाड्याची लेकरं आमच्याकडे जेवतात आणि जेवतानाही तोंडातल्या तोंडात रसायनशास्त्र म्हणतात. मी मात्र शाळेत धम्मानंद सरांच्या तावडीत सापडले. त्यांनी आम्हांला तलवारबाजी शिकवायला घेतली तेव्हा हातात बांबूच्या काठ्या होत्या. पोरं भरपूर यायची, कारण या खेळात खेळाडू थोडे, राज्यापर्यंत चटकन पोचता येतं, प्रमाणपत्र मिळालं की बोर्डात वाढीव गुण आणि पुढं नोकरीत खेळाडूंची जागा. प्रमाणपत्र हातात पडलं की पोरं गायब. सर म्हणायचे, आपण तलवारबाज घडवत नाही, कारकून घडवतो. मला प्रमाणपत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी मैदानावर गेले. सरांनी विचारलं, काही विसरलीस का?

दादांनी ध्येय काय म्हणून विचारलं तेव्हा मी ऑलिम्पिक म्हणाले. ते त्यांनी लगेच लिहून घेतलं. तुम्ही मात्र विचारलंत, "त्यात पोटाला काय मिळतं, पोरी?" मी दादांच्या वहीकडे बघितलं. तुम्ही हसलात आणि दादांना म्हणालात, हिला काय लागतं ते बघ. त्या हसण्याचे आभार मानायचे राहिले होते. बाकी बूट बरोबर आलेत. मुखवटाही नवा आहे, आत कुणा दुसऱ्याच्या घामाचा वास नाही. हे सुख काय असतं ते तुम्हांला कळायचं नाही.

तुमची,
बुद्धप्रिया


लातूर
१५ ऑक्टोबर २००५

आदरणीय अण्णा,

शरणार्थ आणि जयभीम.

तीन महिने भरलेच आहेत, पण नियमासाठी नाही, दसऱ्याच्या दिवशीचं मनातून जाईना म्हणून लिहिते.

आमच्याकडे दसरा म्हणजे विहारात वंदना, पांढरे कपडे, बाबासाहेबांची आठवण. सकाळी ते करून दुपारी मी तुमच्या मिलमध्ये आले. येताना आई म्हणाली होती, "जा, पन पूजाबिजा आपन करत न्हाई, ते आधीच सांगून टाक." तुम्ही यंत्रांची, काट्याची पूजा मांडली होती. माझी फॉइल, ती वाकणारी बारीक तलवार, तिथं ठेवली आणि हळदीकुंकवाची वाटी हातात घेऊन तुम्ही थांबलात. मला विचारलंत, "तुला चालत नसंल तर राहू दे." मी म्हणाले, तुम्ही करा, मी उभी राहते. तुमच्या घरच्या शरणम्मा आजींनी माझ्या कपाळाकडे बोट नेलं तर तुम्हीच त्यांना नको म्हणालात. एवढं मला आजवर शाळेतही कुणी विचारलेलं नाही. आईला सांगितलं तर कणिक मळता मळता ती म्हणाली, मोठा माणूस हाय.

जाकिटाचं काय सांगू. बाहेरून मागवलेलं, धातूच्या तारेनं विणलेलं, जरीच्या शालूसारखं चकाकणारं. त्यात वीज खेळते हे ऐकून तुमचे मिलमधले सटवाजीकाका दोन पावलं मागं सरकले होते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. समोरच्याच्या फॉइलचं टोक जाकिटाला लागलं की यंत्रावर रंगीत दिवा लागतो आणि त्याला गुण मिळतो. जाकीट सोडून हाताला, पायाला लागलं की पांढरा दिवा, त्याला गुण नाही. एवढाच सगळा खेळ आहे.

आणि मग तुमची ती रीत. दसऱ्याला नव्या पोत्यांच्या बारदान्यावर पहिला मार्का मालकानं स्वतःच्या हातानं मारायचा. तुम्ही तो मारलात आणि कुंचला तसाच हातात धरून माझ्याकडे वळलात. म्हणालात, यंदाचा आमचा सगळ्यात भारी माल हा. पाठीवर माझं नाव छापून आलेलं होतं, म्हणून तुम्ही पुढच्या बाजूला जागा धरलीत. पत्र्याचा साचा सटवाजीकाकांनी धरला. तुम्ही सावकाश कुंचला फिरवलात आणि वळूचं एकही शिंग फाटलं नाही. मिलमधल्या सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

खानावळीतल्या पोरी आता मला 'वळू आला' म्हणून हाका मारतात. मारू देत.

तुम्हांला सारखी शंका असते की पुढं काय, म्हणून नीट लिहिते. नोव्हेंबरच्या शेवटी नांदेडला निवड चाचणी आहे. त्यात पहिली येईल तीच पतियाळाच्या शिबिराला जाणार. तिथूनच देशाचा कुमार संघ निवडतात, आणि ऑलिम्पिकची वाट तिथून सुरू होते. दादांचा करारही तिथवरच आहे. पतियाळा झालं तर पुढं, नाही तर जयभीम. सर म्हणतात, माझ्यापुढं एकच पोरगी आहे, नांदेडची देविका. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. लातूरला दिव्यांचं यंत्र नसल्यामुळे आमचा सराव बिनदिव्यांचाच चालतो, लागलं की ज्याचं त्यानं कबूल करायचं. नांदेडला मात्र दिवे असतील.

तुमची,
बुद्धप्रिया


नांदेड बसस्थानक
२७ नोव्हेंबर २००५

आदरणीय अण्णा,

हरले. दुसरी आले.

बस सुटायला वेळ आहे, तोवर लिहिते. दादांना सरांनी फोन केला आहे, तरी तुम्हांला माझ्याकडून कळावं. अंतिम लढत देविकाशीच होती आणि शेवटच्या एका गुणापर्यंत गेली. जाकिटाचं मध्येच थोडंसं काही झालं, ते भेटीत सांगेन. त्यात विशेष काही नाही. देविका चांगली खेळली. शेवटी तिनं हात मिळवला तो सोडेचना, मलाच सोडवून घ्यावा लागला.

दोन दिवस आम्ही गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवलो. आज हरल्यावर मला जेवायचं नव्हतं, तर वाढणाऱ्या सरदारजींनी काही न विचारता दुप्पट वाढलं. डाळ चांगली होती, पण तुमच्या डाळीसारखी नाही. हे तुम्हांला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तुमच्या मिलमध्ये बातमी गेली असेल. सटवाजीकाकांना सांगा, पोरगी रडली नाही. (थोडी रडले.) तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते पतियाळा हुकल्यानं कमी होत नाही. बस लागली.

बुद्धप्रिया


लातूर
११ डिसेंबर २००५

आदरणीय अण्णा,

शरणार्थ आणि जयभीम.

मी तुमच्याकडे तीन वेळा येऊन गेले. गादीवर तुम्ही नव्हतात. सटवाजीकाका म्हणाले, अण्णा देवणीला शेतावर गेलेत आणि एवढ्यात यायचे नाहीत. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा लई तापलेत, बाई. पोरीनं चार लोकांत मार्का खोटा पाडला म्हणत्यात." त्यांनीच मला तो पेपर दाखवला. 'डाळीच्या मार्क्यानं पतियाळा हुकलं' असं वर मोठ्या अक्षरांत. सगळा मोंढा तो वाचून तुम्हांला काय काय बोलला असेल, ते त्यांनी सांगितलं नाही तरी मला कळलं.

नांदेडहून लिहिताना मी तुमच्यापासून झाकलं. 'विशेष काही नाही' असं लिहिलं. पेपरवाल्यांना मी काही सांगितलेलं नव्हतं, पण सभागृहात माणसं होती आणि त्यांना डोळे होते. आता जे झालं ते जसंच्या तसं ऐका.

सकाळी तपासणीत त्यांनी जाकिटाला खांद्यावर आणि पाठीवर कांडी लावून पाहिली आणि शिक्का दिला. मग लढती सुरू झाल्या. दोनदा मला समोरच्या पोरीचं टोक पुढून लागल्यासारखं वाटलं आणि पांढरा दिवा लागला. मी मनाशी म्हटलं, कोपराला लागलं असेल, नशीब जोरावर आहे. माझं डोकं तिथंच चालायला हवं होतं. अंतिम लढतीत दोघींनाही एकेक गुण उरला असताना देविका लांब पाऊल टाकून आत आली. तिचं टोक वळूवर बसलं. अण्णा, नुसतं लागलं नाही, बसलं. फॉइल धनुष्यासारखी वाकली, बरगडीत कळ गेली. आणि दिवा पांढरा.

देविका पंचांकडे धावली. पंचांनी तिची फॉइल तपासली, ती चांगली निघाली. पंच म्हणाले, गुण नाही, पुढं चला. देविका आपल्या जागी गेली. तिचे वडील वरच्या पायरीवर उभे राहिले होते, ते खाली बसले. आणि मला एकदम सगळं कळलं. पाठीवर नाव छापतात ती शाई पातळ, खास त्यासाठीची असते, तिच्यातून वीज जाते. पोत्यावर मारतात तो तेलरंग जाड, त्यातून जात नाही. वळूच्या जागी माझं जाकीट मेलेलं होतं.

मी हात वर केला आणि पंचांना म्हणाले, माझं जाकीट तपासा. त्यांनी मार्क्यावर कांडी लावली. काही नाही. बाजूला लावली, दिवा लागला. मग दुसरं जाकीट घालून खेळ म्हणाले. एका मुलीचं ढगळ जाकीट मी घातलं. देविकानं पुन्हा तेच पाऊल टाकलं आणि टोक पुन्हा तिथंच आणून लावलं. या वेळी रंगीत दिवा लागला.

सटवाजीकाकांकडून कळलं, तुम्ही म्हणता, आधी घरात सांगायचं, पंचाला कशाला. घरात येईपर्यंत मी पतियाळाला जाणारी झाले असते, अण्णा. आणि देविका दुसरी. मग घरात काय सांगायचं होतं?

तुमच्यावर मी रागावलेली नाही, पण तुमचा राग मला पटलेला नाही. दोन वर्षांपूर्वी धर्माबादच्या एका दुकानदारानं तुमच्या पोत्यात खडे निघाले म्हणून कळवलं, तेव्हा तुम्ही गाडी पाठवून सगळा माल परत आणला. लोक काय म्हणतील असं दादा म्हणाले, तर तुम्ही त्यांना मार्का कशासाठी असतो ते समजावत बसला होतात. हे मला सटवाजीकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. दुसऱ्या कुणाचं चित्र माझ्या अंगावर असतं तर मी कदाचित तोंड मिटून बसले असते. मी सतरा वर्षांची आहे, मला पतियाळाला जायचं होतं, मी काही संत नाही. पण त्या वळूच्या आड लपून मी जिंकले असते, तर मार्का तेव्हा खोटा पडला असता. आता पडलेला नाही. आता तो फक्त जाड रंगाचा आहे.

दादा म्हणाले, करार संपला. त्यांनी रागानं सांगितलं नाही, खाली बघून सांगितलं. मला त्यांचाही राग नाही, कंपनी त्यांना चालवायची आहे. आणखी एक सांगायचंय. परवा एका मोठ्या क्लासचे सर खानावळीत आले. त्यांना जानेवारीत प्रवेशाचे फलक लावायचे आहेत. गुणवंतांच्या ओळीत माझाही फोटो टाकायचा, हातात फॉइल, खाली 'आमची विद्यार्थिनी'. त्या बदल्यात ते माझा सगळा भार घेतील. त्यांच्या क्लासचा जिना मी आजवर डबे पोचवायलाच चढले आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, त्यानं काय बिघडतं, नाव दाखल करून घेऊ. येत्या रविवारी त्यांना उत्तर द्यायचंय.

आई म्हणते, "नाव कुनाचं का आसंना, तुजा खेळ तर चालंल." दिवसभर चुलीपुढं उभं राहून तिचे पाय सुजतात, तिला मी काय उलटून बोलू? मला मोह पडलाय, अण्णा. मे महिन्यात पुण्याला आणखी एक चाचणी आहे, तीही पतियाळासाठीच, आणि पाठीशी कुणी नसलं तर मी तिथवर पोचू शकत नाही. म्हणून त्यांना हो म्हणण्याआधी तुम्हांला लिहिते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन. पण गप्प बसू नका.

आणि काहीही ठरलं तरी, त्या दिवशी कुंकवाची वाटी हातात घेऊन थांबलात ते मी विसरणार नाही.

तुमची,
बुद्धप्रिया


लातूर
१८ डिसेंबर २००५

आदरणीय अण्णा,

शरणार्थ आणि जयभीम.

काल तुम्ही आलात आणि मी नुसती वाढत राहिले. तुमची गाडी गेल्यावर सगळे शब्द आले, ते आता लिहिते.

तुम्ही न सांगता दुपारच्या पंगतीत क्लासच्या पोरांमध्ये येऊन बसलात, तेव्हा आईला वाटलं कुणाचे तरी आजोबा गावाकडून आले. पहिला घास घेऊन तुम्ही म्हणालात, "ही डाळ आमची न्हाई." मी स्वयंपाकघरातून तो आवाज ओळखला आणि पळी तिथंच सोडली. करार संपल्यापासून खानावळीला तुमच्या मिलमधून येणारी डाळ बंद झाली आहे हे तुम्हांला ठाऊकच नव्हतं, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. आलोकदादा दारातच उभे होते, आत यावं की नाही अशा अवघडल्या चेहऱ्यानं.

मग तुम्ही जाकीट मागितलंत. धम्मानंद सरांनी टॉर्चचा बल्ब आणि सेल तारेला जोडून दिला. तुम्ही खांद्यावर तार टेकवली, बल्ब लागला. पाठीवर टेकवली, लागला. वळूवर टेकवली, नाही. मग तुम्ही शिंगावर, वशिंडावर, पायांवर, शेपटीवर टेकवत गेलात. पोरं जेवायची थांबून बघत होती. मला वाटत होतं की तुमच्या हातातून तार काढून घ्यावी आणि म्हणावं, पुरे झालं, अण्णा. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "हे तर म्याच केलं की." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला मी भांडले असते. तुम्ही प्रेमानं केलंत. ते तुम्हांला ठाऊक नव्हतं तसं मलाही नव्हतं आणि सरांनाही नव्हतं. आपण तिघंही सारखेच अडाणी.

दादा तेव्हा आत आले आणि म्हणाले की नियमाप्रमाणे आतल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर कंपनीचं चिन्ह चालतं, तिथं वीज नसते, नवीन करार तसा करू. त्यांनी तो सगळा विचार आधीच करून ठेवला होता हे ऐकून मला आनंद झाला, खरंच. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी इथं लिहून ठेवते, कारण तुम्ही ते विसराल आणि दादाही विसरतील.

"मार्का आपल्या मालावर मारत्यात. ही पोरगी काय आपला माल हाय? माझंच चुकलं. हिला पाठवायचं तर नुस्तं पाठवू."

दादांनी विचारलं, मग त्यात कंपनीला काय? तुम्ही म्हणालात, "कंपनीला पत्र यील की, तीन म्हैन्याला. मी वाचंन."

मला रडू यायला लागलं म्हणून मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. तुम्हांला वाढलेली शेवटची भाकरी जाड होती आणि एका बाजूला कच्ची राहिली होती, ती त्यामुळे. तुम्ही ती पूर्ण खाल्लीत.

आई तुमच्याशी फारसं बोलली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, "माज्या बापानं बी माजं आसं ऐकलं न्हवतं." मग तिनं क्लासच्या सरांना आपणहून निरोप पाठवला की फलकाचं जमणार नाही, डबा मात्र वेळेवर येत जाईल.

अण्णा, मी खूप आभारी आहे. हे वाक्य दादांच्या नमुन्यातही होतं, पण तिथं ते शेवटी होतं आणि नुसतं होतं.

फेब्रुवारीत बारावी, मेमध्ये पुणे. दोन्हींचा अभ्यास चालू आहे. एकीकडे रसायनशास्त्र आणि दुसरीकडे देविकासारख्या उंच पोरीचं पाऊल. दुसरं सोपं वाटतं.

तुमची,
बुद्धप्रिया


पतियाळा
१८ जून २००६

आदरणीय अण्णा,

शरणार्थ आणि जयभीम, पार पंजाबातून.

पुण्याची लढत सरांनी तुम्हांला फोनवर ओरडून ओरडून सांगितली आहे, त्यामुळे ती मी पुन्हा सांगत नाही. सर म्हणतात तेवढं काही मी सफाईनं जिंकले नाही. पहिल्या दोन लढतींत मी सारखी पाऊल चुकवत होते. पण जिंकले, दिवे लागून जिंकले, आणि आता इथं आहे. बारावीचा निकाल दादांनी कळवलाच असेल. डॉक्टर होण्याजोगा नाही, पण आईनं पेढे वाटण्याजोगा आहे.

इथं ऊन आपल्यासारखंच आहे, पण दूध जास्त देतात. पहाटे पळायचं, मग पायांचं काम, मग लढती, दुपारी झोप, पुन्हा लढती. लढतींना रोज यंत्र, रोज दिवे. पहिला आठवडा मला सगळ्यांनी झोडपलं. मणिपूरची एक मुलगी माझ्याहून ठेंगणी आहे आणि तिचं टोक कुठून येतं ते मला अजून कळलेलं नाही. देविका इथं आधीपासून आहे. मी आले त्या दिवशी तिनं माझी पिशवी खोलीपर्यंत उचलून नेली आणि तिचे वडील माझ्याबद्दल फार विचारत असतात, असं सांगितलं. आम्ही दोघी मराठीत भांडतो, बाकीच्यांना वाटतं गुपितं सांगतोय. इथून संघात कोण जाईल ते ऑगस्टमध्ये ठरेल. मी जाईनच असं तुम्हांला लिहीत नाही. लढेन, एवढं लिहिते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इथं प्रत्येकीच्या बाहीवर काहीतरी लिहिलेलं आहे. कुणाच्या पोलाद कंपनीचं, कुणाच्या रेल्वेचं, कुणाच्या बँकेचं. त्यांना कुणी काही विचारत नाही, वाचलं की कळतं. माझी बाही कोरी. त्यामुळे रोज नवीन कुणीतरी विचारतं, तुला कोण पाठवतं? माझं हिंदी तुम्हांला माहीत आहे. तरी मी लातूर, मोंढा, तूर, डाळमिल, सगळं सांगते. माझ्याबरोबरच्या खोलीतल्या हरियाणाच्या मुलीला तर आता ते पाठ झालंय, मी दमले की तीच सांगते.

काल एका प्रशिक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे अण्णा तुझे कोण लागतात?

मी म्हणाले, लागत कुणी नाहीत. पाठवतात.

तुमची,
बुद्धप्रिया